येणाऱ्याची आणि जाणाऱ्याची नोंद

रिॲक्टमध्ये काम करताना स्क्रीनवरच्या घटकाला थेट हात लावायची वेळ तशी कमीच येते. डेटा असा असेल तर पान असं दिसावं, एवढं आपण लिहायचं. डिव्ह तयार करणं, मजकूर बदलणं, नको झालेलं काढून टाकणं हे रिॲक्ट बघून घेतं. तरी काही कामं अशा वर्णनात बसत नाहीत. चुकलेल्या रकान्यावर कर्सर नेऊन ठेवायचा असतो, लांबलचक यादी नेमक्या ओळीपर्यंत सरकवायची असते, एखाद्या पॅनेलची उंची मोजायची असते. आलेख काढणारी बाहेरची लायब्ररी तर ‘कुठे काढू?’ एवढंच विचारते आणि तिला खराखुरा डिव्ह द्यावा लागतो. अशा वेळी रेफ लागतो, म्हणजे ब्राउझरमधल्या त्या घटकापर्यंत पोचायची वाट.

मी पुण्यातल्या एका कंपनीत विमा दाव्यांच्या फॉर्मवर काम करते. पॉलिसीचा तपशील, दवाखान्याचा तपशील आणि त्याखाली बिलांच्या ओळी. या ओळी किती असतील ते दावा भरणाऱ्यावर. कुणी दोन बिलं टाकतं, कुणी तीस, आणि मधली एखादी पुसूनही टाकतं. ‘सबमिट’ दाबल्यावर पहिली चुकीची ओळ समोर यायला हवी. म्हणजे प्रत्येक ओळीचा रेफ हवा, पण ओळींची संख्या आधी ठाऊक नाही. यूजरेफ हा हुक असल्यामुळे तो लूपमध्ये चालवता येत नाही. मग एक मॅप ठेवायचा आणि प्रत्येक ओळीला एक फंक्शन द्यायचं: तू पडद्यावर आलीस की तुझ्या आयडीसमोर तुझी नोंद कर. यालाच कॉलबॅक रेफ म्हणतात. या एवढ्याशा फंक्शनला नीट टाइप देण्यावरून आमच्या कोड रिव्ह्यूमध्ये जितक्या चर्चा झाल्या, तितक्या अख्ख्या फॉर्मच्या रचनेवरून झाल्या नसतील.

कॉलबॅक रेफ तसा जुना आहे. फेसबुकनं २०१३ मध्ये रिॲक्ट खुलं केलं तेव्हा रेफ म्हणजे नुसतं नाव असे, अवतरणचिन्हांत लिहिलेलं. मार्च २०१५ मध्ये ०.१३ आवृत्तीबरोबर फंक्शन देण्याची सोय आली. २०१८ च्या १६.३ मध्ये क्रिएटरेफ आला आणि २०१९ च्या १६.८ मध्ये हुक्सबरोबर यूजरेफ. आज जो नव्यानं शिकतो तो यूजरेफच शिकतो आणि बरीच वर्षं त्याचं त्यावरच भागतं. अडतं ते एका गोष्टीपाशी: यूजरेफ घटक ठेवायला जी डबी देतो ती मुकी असते. तिच्यात घटक कधी आला आणि कधी गेला हे ती कुणाला सांगत नाही. आमच्या फॉर्ममध्ये कागदपत्रांचं एक पॅनेल आहे, ते बटण दाबल्यावरच उघडतं. त्याची उंची मोजायचा इफेक्ट फॉर्म पहिल्यांदा दिसतो तेव्हा चालतो, आणि त्या वेळी पॅनेल अस्तित्वातच नसतं. ते नंतर उघडलं तरी इफेक्टला पत्ता नाही, कारण डबीत काही पडलं म्हणून इफेक्ट पुन्हा चालत नाही. कॉलबॅक रेफला मात्र रिॲक्ट स्वतःहून बोलावतं. घटक बसला की बोलावतं, निघाला की पुन्हा बोलावतं.

त्यामुळे या फंक्शनचा टाइप लिहिणं म्हणजे एक करार लिहिणं आहे. काय येणार, कधी येणार नाही, आणि आपण परत काय देणार, या तिन्ही गोष्टी त्या एका ओळीत असतात. आमच्या टीमला त्या तिन्ही वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या त्रासातून कळल्या.

पहिली गोष्ट नलची. रिॲक्टच्या टाइपमध्ये कॉलबॅक रेफला मिळणारी वस्तू ‘घटक किंवा नल’ अशी लिहिलेली असते. टीममध्ये नव्यानं आलेल्या एका मुलीनं मला विचारलं, “ताई, हा नल कशाला? माझा डिव्ह तर कायम स्क्रीनवर असतो. उगाच इफ लिहायला लावतात.”

“कायम म्हणजे कधीपर्यंत?” मी विचारलं.

“म्हणजे… पेज आहे तोपर्यंत.”

“आणि पेज बदललं की?”

ती थोडा वेळ कोडकडे बघत राहिली. “मग नल येतो?”

“मग नल येतो. तो आला की आवरून घ्यायचं.”

तिचा प्रश्न चुकीचा नव्हता. यूजरेफच्या सवयीत नल म्हणजे ‘अजून आलेला नाही’ असा अर्थ मनात बसलेला असतो आणि त्यावर उद्गारचिन्ह ठोकून पुढे जायची सवय लागलेली असते. टाइपस्क्रिप्टमध्ये ते चिन्ह लावलं की कंपायलर गप्प बसतो. कॉलबॅक रेफमध्ये नलचा अर्थ बहुतेक वेळा उलटा असतो, ‘गेला’ असा. मॅपच्या बाबतीत तर तो फार महत्त्वाचा ठरतो. घटक आला तर मॅपमध्ये टाकायचा, नल आला तर त्या आयडीची नोंद काढायची. जुन्या कोडमध्ये दुसरी फांदीच नव्हती. दावा भरणाऱ्यानं ओळ पुसली की ती पानावरून जाई, पण मॅप तिला धरून बसलेला असे. फॉर्म बराच वेळ उघडा ठेवून क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये मेमरीचा स्नॅपशॉट घेतला की ‘डिटॅच्ड’ शिक्क्याच्या ओळींची रांग दिसायची. त्या पानावर नव्हत्या आणि मेमरीतून सुटतही नव्हत्या.

टाइपस्क्रिप्टमध्ये नलची ही सक्ती पहिल्यापासून नव्हती. मायक्रोसॉफ्टनं ही भाषा ऑक्टोबर २०१२ मध्ये जाहीर केली. नलला स्वतंत्र टाइप मानून तपासण्याची सोय सप्टेंबर २०१६ च्या २.० आवृत्तीत आली, आणि तीही हवी असेल तर चालू करा अशी. आमच्या प्रकल्पात ती पुष्कळ काळ बंदच होती. चालू केली त्या दिवशी लाल रेघांचा पूर आला आणि ‘एनी टाकून दे, बिल्ड जाऊ दे’, म्हणजे काहीही चालेल असा टाइप लिहून तपासणी गप्प कर, हा सल्ला सगळ्या टेबलांवरून ऐकू आला. मॅपमधली ती नसलेली फांदी त्या पुरातच सापडली. मॅपचा टाइप ‘आयडीसमोर घटक’ असा होता आणि फंक्शनला मिळत होतं ‘घटक किंवा नल’. कंपायलरला मेमरीचं काही ठाऊक नव्हतं. एक गोष्ट दुसरीत बसत नाही एवढंच तो सांगत होता, आणि ती का बसत नाही हे शोधताना गळती हाती लागली.

टाइप जे सांगत नाही तेही लक्षात ठेवावं लागतं. फंक्शन रेंडरच्या आत तिथल्या तिथे लिहिलं तर प्रत्येक रेंडरला ते नवं असतं. मग रिॲक्ट जुन्या फंक्शनला नल देतं आणि लगेच नव्या फंक्शनला तोच घटक देतं. मॅपसाठी हे चालून जातं, एक नोंद पुसली जाते आणि पुन्हा लिहिली जाते. उंची मोजायला रिसाइझऑब्झर्व्हर लावला असेल तर मात्र तो प्रत्येक अक्षर टाइप केल्यावर सुटतो आणि पुन्हा बांधला जातो. तिथे यूजकॉलबॅक लावून फंक्शन स्थिर ठेवावं लागतं. टाइपमध्ये या क्रमाचा मागमूस नसतो. नल येऊ शकतो एवढं तो सांगतो, केव्हा आणि कितीदा येईल ते सांगत नाही.

दुसरी गोष्ट टाइपच्या दिशेची, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त डोकं इथेच चालवावं लागतं. आमच्याकडे उंची मोजायचा एक सामाईक हुक होता. तो कुणालाही वापरता यावा म्हणून रेफचा टाइप सर्वसाधारण एचटीएमएल एलिमेंट असा लिहिला होता, आणि आत यूजरेफची डबी होती. ती डबी डिव्हला लावली की एरर यायचा: डिव्हमध्ये ‘अलाइन’ हा गुणधर्म असतो, तुमच्या टाइपमध्ये तो नाही. वाचणारा चक्रावून जातो. अलाइन कोण वापरतं? १९९९ च्या एचटीएमएल ४.०१ मध्येच तो ‘वापरू नका’ या यादीत होता. पण टाइपस्क्रिप्ट नावावरून टाइप ओळखत नाही, आत काय काय आहे त्यावरून ओळखतो. आणि सर्वसाधारण घटकापेक्षा डिव्हकडे जास्तीचं असं काय, तर हा एक मोडीत निघालेला अलाइन. स्पॅनकडे तेवढंही नाही, म्हणून तीच डबी स्पॅनला बिनतक्रार बसायची.

खरं तर कुठलाही एचटीएमएल घटक चालेल अशा डबीत डिव्ह ठेवण्यात धोका काहीच नाही. टाइपस्क्रिप्ट मात्र डबीकडे वाचण्याची वस्तू म्हणून बघतो आणि दिशा उलटी धरतो. कॉलबॅक रेफमध्ये ही अडचण नाही, कारण फंक्शन घेणारं असतं. सगळ्या दुचाकी दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिककडे स्कूटर नेली तर तो परत पाठवत नाही. नुसत्या बुलेटचं काम करणाऱ्याकडे नेली तर पंचाईत होते. तसंच, ‘कुठलाही एलिमेंट द्या’ म्हणणारं फंक्शन डिव्हला, बटणाला, इनपुटला, कशालाही लावता येतं. आम्ही तो हुक डबीऐवजी कॉलबॅक परत देणारा केला आणि त्या अलाइनच्या तक्रारी एका झटक्यात संपल्या.

पण म्हणून कंपायलरवर डोळे मिटून विसंबता येत नाही. आमच्याच कोडमध्ये एक फंक्शन इनपुटसाठी लिहिलेलं होतं. घटक आला की त्यातला मजकूर निवडायचा, म्हणजे सिलेक्ट चालवायचं. डिझाइन बदललं, इनपुटला एका डिव्हचं वेष्टण आलं, आणि घाईत रेफ त्या वेष्टणावर गेला. टाइपस्क्रिप्ट काही बोलला नाही. ब्राउझरमध्ये पान उघडलं आणि सिलेक्ट नावाचं फंक्शनच नाही म्हणून फुटलं. असं का व्हावं?

उत्तर रिॲक्टच्या टाइपच्या फाइलमध्ये आहे. रिॲक्ट स्वतः टाइपस्क्रिप्टमध्ये लिहिलेलं नाही. ते फ्लो नावाच्या दुसऱ्या टाइपपद्धतीत लिहितात, आणि टाइपस्क्रिप्टसाठीचे टाइप डेफिनिटलीटाइप्ड या सामुदायिक प्रकल्पात वेगळे सांभाळले जातात. तिथे कॉलबॅक रेफचा टाइप एका युक्तीनं लिहिलाय आणि त्या युक्तीचं नावही उघडउघड ‘बायव्हेरियन्स हॅक’ असं ठेवलंय. ऑक्टोबर २०१७ च्या २.६ आवृत्तीपासून टाइपस्क्रिप्ट फंक्शनला मिळणाऱ्या वस्तूंची दिशा काटेकोर तपासू शकतो, पण मेथडच्या रूपात लिहिलेल्या फंक्शनला त्यातून सूट आहे. ही युक्ती तीच सूट वापरते. मग दोन्हींपैकी कुठल्याही एका दिशेनं टाइप जुळला की चालतं. इनपुटकडे डिव्हकडचं सगळं आहे, तो अलाइनसुद्धा, म्हणून उलट्या दिशेनं जुळलं आणि फंक्शन आत शिरलं. दुव्यासाठी लिहिलेलं फंक्शन बटणावर लावून पाहा, तिथे लगेच लाल रेघ येईल, कारण त्या दोघांचं कुठल्याच बाजूनं जमत नाही.

ही ढील निष्काळजीपणातून आलेली नाही. काटेकोर तपासणी लावली असती तर आधी चालणारा पुष्कळ कोड एका अपग्रेडमध्ये लाल झाला असता. हे पटलं तरी आमच्यापुरता एक नियम त्यातून निघाला: फंक्शन जेवढं वापरतं तेवढंच मागायचं. चौकटीची मापं हवी असतील तर ती देणारी मेथड एलिमेंट या सर्वांत मूळच्या टाइपवर असते, मग एलिमेंटच लिहा. असं केलं की तोच हुक एसव्हीजीच्या आलेखालाही लागतो, जो एचटीएमएल एलिमेंट नसतोच. इनपुट असंच हवं असेल तर नुसत्या टाइपवर विसंबू नका, आत इन्स्टन्सऑफनं खात्री करून घ्या. जितकं कमी मागाल तितकी ती ढील नडण्याची शक्यता कमी, कारण उलट्या दिशेनं जुळायला जास्तीचं काही उरतच नाही.

तिसरी गोष्ट परतीची. वर्षानुवर्षं कॉलबॅक रेफ काय परत देतो याकडे कुणी बघत नसे. परतीचा टाइप व्हॉइड होता, आणि व्हॉइडची गंमत अशी की असा टाइप मागितला असला तरी काहीही परत देणारं फंक्शन चालतं, परत आलेलं फेकून दिलं जातं. त्यामुळे बाणाच्या पुढे कंस न लावता एका ओळीत ‘मॅप सेट कर’ लिहिलेलं असे, आणि सेट स्वतः अख्खा मॅप परत देतो याची कुणाला फिकीर नव्हती. २०१५ च्या सुमाराच्या उदाहरणांतही अशीच एका ओळीतली नेमणूक असे. आमच्या जुन्या कोडमध्ये ती जागोजागी होती.

५ डिसेंबर २०२४ ला रिॲक्ट १९ आलं आणि परतीला अर्थ मिळाला. आता कॉलबॅक रेफ एक आवराआवरीचं फंक्शन परत देऊ शकतो. घटक जायची वेळ आली की रिॲक्ट तेच चालवतं आणि मग नल पाठवत नाही. असं काही परत दिलं नाही तर पूर्वीसारखा नल येतो. ऑब्झर्व्हरसाठी ही सोय फार चांगली आहे: वर जोडायचं, खाली त्याच ठिकाणी सोडायचं, दोन्ही शेजारीशेजारी. मॅपमध्येही वर नोंद आणि खाली नोंद काढणं, अशा जोडीनं लिहिता येतं. आधी येणं आणि जाणं एकाच फंक्शनच्या दोन फांद्यांत होतं आणि मधल्या इफमध्ये अर्थ हरवायचा.

पण परतीला अर्थ आल्याबरोबर ते एका ओळीतले बाण धोक्याचे झाले. मॅप परत आला तर रिॲक्टनं त्याला काय समजायचं? म्हणून नव्या टाइपमध्ये परतीच्या जागी ‘व्हॉइड किंवा आवरणारं फंक्शन’ असा जोडटाइप आला, आणि व्हॉइडची ती सवलत फक्त एकट्या व्हॉइडला असल्यामुळे संपली. अपग्रेडच्या दिवशी आमच्याकडे पुन्हा लाल रेघा आल्या, बहुतेक सगळ्या या बाणांच्या. त्या आपोआप दुरुस्त करणारा कोडमॉड उपलब्ध आहे, तो बाणापुढे महिरपी कंस घालून देतो. आम्ही तो चालवला, पण डोळे मिटून नाही. एकेक ठिकाण उघडून विचारलं: इथे नुसते कंस पुरतील, की आवरायचं काही राहिलंय? राहिलेलं बऱ्याच ठिकाणी होतं.

शिवाय रिॲक्ट १९ चा स्ट्रिक्ट मोड विकासाच्या वेळी पहिल्यांदा घटक बसताना कॉलबॅक रेफ मुद्दाम दोनदा चालवतो. आवराआवर नीट लिहिलेली नसेल तर ऑब्झर्व्हर दुहेरी लागलेला लगेच दिसतो. क्रमाबद्दल टाइप जे सांगू शकत नाही, त्यातलं थोडं हा मोड सांगतो. दोन्ही रेफ सांभाळणारी कॉम्पोनंट्स, म्हणजे स्वतःचाही रेफ हवा आणि बाहेरून आलेलाही पुढे द्यायचा, ती मात्र पुन्हा लिहावी लागली. बाहेरून येणारा रेफ फंक्शन असेल, डबी असेल किंवा नल असेल. फंक्शन असेल तर त्यानं परत दिलेलं आवरणंही जपून ठेवावं लागतं आणि वेळ आल्यावर चालवावं लागतं. जुन्या मर्ज करणाऱ्या हेल्परला परतीची जाणीवच नव्हती.

टाइप म्हणजे कंपायलरला खूश ठेवण्याचा कर, असं आमच्याकडे अजूनही काही जण मानतात. बहुतेक ठिकाणी मी वाद घालत नाही. बटणाच्या रंगाचा टाइप जरा ढिला असला तर रंग चुकेल, दुसरं काय होईल? कॉलबॅक रेफची जागा वेगळी आहे. एका बाजूला रिॲक्टचं वर्णन आणि दुसऱ्या बाजूला ब्राउझरमधली खरी वस्तू, या दोघांची गाठ इथे पडते. रिॲक्ट बाकी सगळ्याची काळजी घेतं, पण या गाठीनंतर आपण घटकाचं काय करतो ते त्याला दिसत नाही. इथे एनी टाकलं तर नलही लपतो, चुकीचा घटकही लपतो आणि आवरायचं राहिलेलंही लपतं.

म्हणून आता रिव्ह्यूमध्ये कॉलबॅक रेफ दिसला की मी लिहिणाऱ्याला टाइपबद्दल विचारतच नाही. घटक गेला की काय होतं? तुला त्याच्याकडून नेमकं किती हवंय? आणि तू परत काय देतोयस? या तिन्हींची उत्तरं ज्याच्याकडे असतात त्याचा टाइप बरोबरच असतो. आणि ज्याच्याकडे नसतात त्याला मी टाइप दुरुस्त करून देत नाही, आधी उत्तरं शोधायला लावते. ती नवी मुलगी हल्ली हेच प्रश्न माझ्या कोडवर लिहिते, आणि एकदा दुसऱ्या प्रश्नावरून तिनं माझा पीआर अडवूनही धरला होता. इनपुटऐवजी एलिमेंट पुरेल, असं तिचं म्हणणं होतं, आणि ते पुरत होतं.